काकांचा हात लागलेला कॅमेरा

दोष गावंडे काकांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी नशिबाचं नाव घ्यायला नको.

आमचा पांढरकवड्याचा फोटोग्राफी ग्रुप म्हणजे रविवारी सकाळी तलावाच्या पाळीवर जमणारे पाच जण. गावंडे काका अध्यक्ष. तहसीलमधून रिटायर झाले, पण येताना साहेबी सोबत घेऊन आले. मानकर सर उपाध्यक्ष, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. दोघे जण फक्त चहापुरते. पाचवा मी, विक्की, दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग सोडलेला. अशा ग्रुपात किस्से शोधावे लागत नाहीत. घरामागं कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग लागतो तसे ते लागत जातात. आधी मीही हसून सांगायचो.

मग जंगलाच्या गेटवर नवे गाईड घ्यायचं निघालं. दोन गोष्टी मागितल्या होत्या: ग्रुपच्या अध्यक्षाची सही असलेला पक्षीनिरीक्षणाच्या अनुभवाचा फॉर्म, आणि स्वतः काढलेले पंचवीस पक्ष्यांचे फोटो. जवळ जाऊन, पक्षी उडवून काढलेला फोटो बाद. म्हणजे मोबाइल कामाचा नाही. मोठा कॅमेरा आणि हातभर लेन्स माझ्या ऐपतीबाहेर. मला लहान कॅमेरा पाहिजे होता, लांब झूमचा, लेन्स अंगालाच जोडलेली. दोन सीझन जिनिंग मिलमध्ये राबलो होतो त्यासाठी. कोणता घ्यायचा तेही मी ठरवलं होतं.

चूक एवढीच झाली की मी ते ग्रुपात बोललो.

*

मानकर सर म्हणाले, "माह्या कॅमेऱ्यात शंभर पट झूम आहे. डब्यावर लिहून आहे."

मी म्हटलं, "सर, त्यातलं नव्वद डिजिटल आहे. काच पुढं सरकून लांबचं जवळ आणते तो खरा झूम. हा नुसता फोटो ताणते."

सरांनी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'पिंगळा, सकाळी सात.' तपकिरी, गोल, जरा फुगलेला. काकांनी दोन अंगठे दिले. बाकी दोघांनी हात जोडले.

मी मोठा करून पाहिला. घुबड नव्हतं. विजेच्या खांबावरची चिनी मातीची चिमणी होती, तार बांधायचा इन्सुलेटर. तसं लिहिलं.

सरांचं उत्तर लगेच आलं. "इलेक्ट्रिकल सोडलेल्या माणसानं मले खांब शिकवू नये."

*

मला डोळ्याला लावायची खिडकी असलेला कॅमेरा पाहिजे होता. आमच्याकडच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर आपलंच थोबाड दिसतं, पक्षी नाही.

काका म्हणाले, "एवढा टीव्ही देऊन राह्यले मागं, तुले भोक कायले पाहिजे?"

त्या रविवारी त्यांनी भाच्याचा बिनखिडकीचा कॅमेरा आणला. डोक्यावरून दुपट्टा घेतला, स्क्रीनवर सावली केली आणि पाण्यातल्या बगळ्यांवर तासभर बसले. हॉटेलात चहा पिताना आम्ही फोटो पाहिले. चाळीस फोटोंत त्यांचा अंगठा होता. एकात अंगठ्यामागं बगळा.

काका म्हणाले, "हा घ्या. आलाच ना?"

*

परगावाहून आलेल्या मित्राचा एक कॅमेरा, तो परत जायच्या आधी, मी दोन दिवस वापरून पाहायला आणला. मला पाहिजे होता तोच, फक्त जुना. काकांनी हातात घेतला, वर-खाली केला, आणि सरळ बाजूच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवला. दुकानदार साखर बांधत होता. तोही थांबला.

"अर्धा किलो नाही भरत," काका म्हणाले. "आमच्या घरची किसणी जड आहे याच्याहून. विक्की, वजन नसलेल्या वस्तूत दम नसते."

मी म्हटलं, "काका, दिवसभर गळ्यात घालून हिंडायचा आहे."

"म्हणून तर. कॉलेजचंही ओझं नाही झेपलं तुले."

साखरेवाला हसला. मी तेव्हा बोललो नाही, कारण फॉर्मवर सही काकांची लागणार होती. त्यांच्या ते माझ्याहून जास्त लक्षात होतं.

*

कॅमेरा घ्यायला नागपूरला मी एकटा जाणार होतो. गुरुवारी एसटी स्टँडवर काका आणि सर दोघं जेवणाचा डबा घेऊन उभे. फोटो रविवारी द्यायचे होते, वाद घालायला वेळ नव्हता.

नागपूरच्या दुकानातला पोऱ्या सगळं त्यांनाच समजावत होता, घेणारा मी मागं उभा. त्यानं बटण दाबलं. झूमची नळी बाहेर निघाली, एकात एक अशा तीन. तो म्हणाला, "हिला सांभाळा. नळी बाहेर असताना धूळ, वाळू, काही जाऊ देऊ नका. एक कण अडकला तरी आत-बाहेर होत नाही. आणि ही लेन्स काढून साफ करता येत नाही."

काका माझ्याकडं वळले. दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐकलं का? नीट ऐकत जा. तुमची पिढी ऐकत नाही."

*

शुक्रवारी सकाळी मी फॉर्म घेऊन काकांच्या घरी गेलो. कॅमेरा गळ्यात, बॅटरी फुल. दोन दिवस हातात होते. सही घ्यायची आणि तिथूनच तलावावर जायचं होतं.

सर आधीच बसलेले. पाटावर नवा रुमाल, ताटात हळदीकुंकू, अक्षता, नारळ.

"ठेव तो पाटावर," काका म्हणाले. "नवं यंत्र पूजेबिगर बाहेर नाही काढत. आणि पहिला फोटो मोठ्याच्या हातचा."

आमच्या घरी आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून कुंकवाचा करंडा नाही. काकांना माहीत आहे. तरी मी म्हटलं, "काका, आमच्यात नसते."

"तुमच्यात नसते, आमच्यात असते. सही पाहिजे ना?"

मी कॅमेरा ठेवला.

काकांनी तो उभा नाही ठेवला, पाठीवर निजवला. लेन्स वर. मग बटण दाबलं. नळी पूर्ण बाहेर आली, छताकडं तोंड करून.

मी म्हटलं, "काका, नळीले नका लावू. त्या पोऱ्यानं सांगितलं होतं."

"पोऱ्याच्या अकलेपुरतं सांगितलं त्यानं." काकांनी तिन्ही नळ्यांना हळदीकुंकवाची बोटं ओढली. मग डोळे मिटले आणि मूठभर अक्षता वरून सोडल्या. सरांनीही सोडल्या.

"कर आता बंद," काका म्हणाले.

मी फुंकर मारायला वाकलो. तेवढ्यात काकांनीच बटण दाबलं. नळी अर्धी आत गेली. कर्रर्र झालं. पुन्हा बाहेर आली, पुन्हा कर्रर्र. मग स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली आणि स्क्रीन काळी झाली. नळी तिरपी उभी राहिली, फटीत तांदळाचा एक दाणा, पिवळा.

मी नागपूरला फोन लावला. तिकडून सांगितलं, दुरुस्तीला पंधरा दिवस.

सर म्हणाले, "माहा घेऊन जा तोवर. शंभर पट आहे."

काकांनी माझा कॅमेरा उचलून हातावर तोलला. "तरी मी म्हणत होतो, वजन नाही त्याच्यात." मग चष्मा लावला, फॉर्म ओढला आणि सही केली. खाली शिक्काही मारला.

रविवारी माझ्याकडे सही होती, फोटो नव्हते. गाईडच्या यादीत माझं नाव आलं नाही.