लाकडी ससा

शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६, सायंकाळचे सव्वासहा. आयर्लंडमधल्या कासलबार गावातल्या चिनी खानावळीची मालकीण एका हाताने कढई हलवत होती आणि दुसऱ्या हाताच्या पेरांवर गिऱ्हाइकाचे जन्मवर्ष मोजत होती. आपल्या साठ संवत्सरांप्रमाणे चिनी वर्षांनाही साठ नावे आहेत, प्रत्येकात एक तत्त्व आणि एक प्राणी. इसवी सन ऐकला की ती त्याचे नाव सांगते. कोणी विचारलेच पाहिजे असे नाही.

पन्नाशीच्या त्या आयरिश गृहस्थाने दंडावर ड्रॅगन गोंदवून घेतला होता. त्याखाली गोंदवण्यासाठी त्याला वर्षाचे नाव लिहून हवे होते.

"शहात्तर म्हणजे अग्नी-ड्रॅगन," ती म्हणाली. "महिना?"

"जानेवारी."

कढई थांबली. "आमचे वर्ष तेव्हा बदलले नव्हते. तुम्ही लाकडी ससा."

"ड्रॅगनच लिही ना! कासलबारमध्ये कोणाला वाचता येणार आहे?"

"मला," असे म्हणून तिने ससाच लिहून दिला.

त्याने बाही खाली ओढली. घरी न्यायच्या नूडल्सची वाट पाहत मागे उभ्या असलेल्या मला तिच्याविषयी आदर वाटला. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"मिस्टर वाघ, तुमचा महिना कोणता?"

माझे साल ऐकून तिने मला पूर्वीच वाघ ठरवले होते. जन्म माझाही जानेवारीचाच.

"जून," मी म्हणालो.

घरी येऊन नूडल्स गरम केल्या आणि जेवलो.