अर्धं सूत

बुद्धभूषण पहिल्यांदा धायरीला गेले तेव्हा रंगराव शेडच्या दारात उभे होते, त्यामुळे दार दिसत नव्हतं. माणूस एवढा रुंद, की एका खांद्यावर ऊन असलं तर दुसऱ्या खांद्यावर संध्याकाळ व्हावी. ते हसले तेव्हा पत्रे थरथरले, चिंचेवरचे बगळे उडाले आणि बुद्धभूषणांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"या की सायेब. पाण्याची टाकी करायची का गणपतीचं मखर?"

"मोटारीचं बॉनेट."

"कुठली मोटार?"

"अजून व्हायचीय."

फायबरच्या धंद्यात रंगरावांनी असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. ते चहा सांगायला आत गेले, आणि दार दिसलं.

बुद्धभूषण म्हणजे चौतीस वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात माल तपासून निवृत्त झालेले गृहस्थ. माल परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वतःच्या लग्नाचा फोटोही त्यांनी चौकट तिरकी म्हणून दोनदा परत पाठवला होता. निवृत्तीनंतर त्यांनी कोइंबतूरहून सुट्या भागांची मोटार मागवली. अकरा खोक्यांतून सांगाडा, चाकं आणि इंजिन आलं. बॉनेट तेवढं ज्याचं त्याने करून घ्यायचं होतं.

हे सगळं नंदाअक्कासाठी. थोरल्या बहिणीने त्यांना कडेवर घेऊन ताडीवाला रोडवरून शाळेत पोचवलं होतं. कडेवर बसूनच त्यांनी शब्द दिला होता, मी मोटार बनवीन, तू पुढे बस. अक्का आता चौऱ्याहत्तर वर्षांची होती, गुडघे गेले होते, पण शब्द विसरली नव्हती.

गाडी रस्त्यावर न्यायला परवानगी मिळणार नाही, हे बुद्धभूषणांना पाठ होतं. तोड रंगरावांनीच काढली. "गाडी माझ्या शेडात जोडा. शेतातनं पाऊण किलोमीटर सरळ वाट हाय, तिथं फिरवा म्हातारीला. पण दिवाळीच्या आत. मग जमीन बिल्डरकडं जाणार."

आषाढात गाडी चालू झाली. राहिलं होतं फक्त बॉनेट.

मापं घ्यायची हत्यारं घरी, म्हणून माल तपासणीला नारायण पेठेत आला पाहिजे, असा बुद्धभूषणांचा नियम. गाडी धायरीत, बॉनेट बनणार धायरीत, आणि त्याची वरात टेम्पोतून नारायण पेठेत. पहिल्या खेपेला रंगराव दुपारी दीडला पोचले. दार चारला उघडलं. जेवणाच्या टेबलावर बॉनेट ठेवून बुद्धभूषणांनी तासभर मापं घेतली आणि गुलाबी चिठ्ठी लिहिली: डावी कड अर्धं सूत बाहेर. नापास.

"अर्धं सूत? अहो, एवढी तर माझी मिशी रोज हालती."

"मिशी बसवायची नाहीये, रंगराव."

दुसरं नापास, तिसरं नापास. चौथ्याच्या वेळी दसरा होऊन गेला होता. रंगरावांनी चिठ्ठ्या शेडच्या भिंतीला ओळीने डकवल्या होत्या. "पोरानं शाळेत एवढ्या आणल्या असत्या तर मी त्याला घराबाहेर काढला असता," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "सायेब, माल वेळेत देतोय मी. वेळ तुमच्याकडनं चाललाय."

त्या रविवारी अक्का रिक्षाने धायरीला आली. गाडीभोवती काठी टेकत एक फेरी मारली, सीटवरून हात फिरवला.

"भूषण, बसव मला."

"अक्का, बॉनेट यायचंय."

"मी काय बॉनेटवर बसणारे का?"

रंगराव हसले. पत्रे थरथरले. बुद्धभूषण हसले नाहीत. अपुरा माल कारखान्याच्या फाटकाबाहेर त्यांनी कधी सोडला नव्हता. इंजिन उघडं आहे, तुझा पदर अडकेल, असं त्यांनी कारण दिलं. पदर पुढपर्यंत पोचणारच नव्हता, हे तिघांनाही कळत होतं.

"बरं," अक्का म्हणाली. "तू म्हणशील तेव्हा." आणि ज्या रिक्षाने आली होती, तिनेच परत गेली.

पाचवं बॉनेट भाऊबीजेला, बरोबर चार वाजता आलं. बुद्धभूषणांनी मापं तीनदा घेतली. चूक सापडेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पांढऱ्या चिठ्ठीवर 'पास' लिहिलं आणि भाऊबीजेला आलेल्या बहिणीला आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "अक्का, उद्या सकाळी तयार राहा."

रंगराव दारातच उभे होते. जिना दिसत नव्हता.

"सायेब, काल जेसीबी आला. वाट बी गेली, शेड बी. गाडी बाहेर काढून ठेवलीय मी."

बुद्धभूषणांच्या हातात पांढरी चिठ्ठी होती. तिचं काय करायचं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी ती रंगरावांना दिली. रंगरावांनी न वाचता खिशात ठेवली. आतून अक्काने विचारलं, "कोणती साडी नेसू रे?"

नारायण पेठेतल्या इमारतीत फक्त दुचाक्या लावायची सोय आहे. गाडी पौषात भंगारवाल्याने नेली. बॉनेट टेबलाखाली आहे.