देवाच्या वाटेवरचं भात

तुम्हीच सांगा, झटका मशीन घेताना विश्वास कोणावर ठेवाल? डब्यावर छापलेल्या रानडुकरावर, कंपनीच्या गॅरंटीवर, की माझ्यासारख्या आठवी पास दुकानदारावर? नाशकात दिंडोरी रोडला माझं दुकान. आधी मोटारी आणि पाईप विकायचो. आता डुकरं, माकडं, रोही म्हणजे नीलगायी, यांच्यापासून पीक वाचवायचा माल ठेवतो: झटका मशीनवर चालणारं सौर कुंपण, जाळ्या, भोंगे. माल सीझनला खपतो, किस्से मात्र दुकानातच साठत जातात. कारण मशीन परत करायला आलेला माणूस आधी तक्रार सांगतो, मग चहा पितो, आणि चहा संपल्यावर खरं काय झालं ते सांगतो.

*

चांदवडकडचे एक अण्णा. त्यांच्या मक्यात डुकरं शिरायची. मी त्यांना भोंगा दिला. त्यात बिबट्याच्या गुरगुरण्याचं रेकॉर्डिंग, दर दहा मिनिटांनी वाजणारं. चौथ्या दिवशी फोन.

"शेठ, भोंगा एक नंबर. एक डुक्कर नाय रानात."

"मग झालं की काम."

"काय झालं? कांदा लावायला एक बाई येईना. शेजाऱ्यानं वनखात्याला कळवलं. माझ्या बांधाला पिंजरा लावलाय, आत बोकड बांधलाय."

"अहो, मग खरं सांगून टाका ना."

अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "सांगितलं असतं हो. पण पिंजऱ्याचा नारळ माझ्याच हातून फोडून घेतला त्यांनी."

*

कुंपणाचा झटका सणसणीत बसतो, पण जीव घेत नाही. त्यासाठीच तर मशीन असतं. दिंडोरीच्या एका द्राक्षवाल्यानं मात्र काउंटरवर विचारलं, "शेठ, मशीन कशाला? तारेत थेट लाईट सोडली तर?"

मी मशीन त्याच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, "डुकराच्या आधी तुझा बाप त्या बांधावरून पाणी द्यायला जातो."

पैसे मोजून तो मशीन घेऊन गेला. हल्ली दुकानात येऊन बसतो आणि हेच वाक्य नव्या गिऱ्हाइकांना ऐकवतो. स्वतःचं म्हणून!

*

आता सोनाबाई. सुरगाण्याहून जीप बदलत बदलत एकटी आली. जंगलाला लागून भाताची दोन खाचरं, दोन वर्षं डुकरांनीच कापणी केलेली. आल्या आल्या म्हणाली, "यंदा भात घरात आलं तं आम्ही घरी. नाय आलं तं दिवाळीनंतर पोरंसोरं घेऊन निफाडला द्राक्षांवर मजुरीला. नात पहिलीत हाय, तिची शाळा सुटंल. आता सांग, तुझं मशीन चालतं का?"

मी मशीन चालू केलं, तारेला बोट लावलं आणि झटका खाऊन दाखवला. गिऱ्हाईक इथं गार होतं.

ती म्हणाली, "तू तं माणूस हायस. डुकराला लावून दाखव."

*

तरी मशीन घेऊन गेली. भात निसवून लोंब्या धरायला आलं तेव्हा तिचा फोन आला, "शेठ, येऊन बघ." आवाज असा, की मी तसाच निघालो.

एक खाचर शाबूत, दुसरं पार आडवं. मशीन तपासलं, चालू. त्या खाचराची तार तपासत चाललो तर जंगलाच्या बाजूला दोन हातांची फट. चुकून राहिलेली नाही. दोन्हीकडे खांब रोवून, तार नीट वळवून ठेवलेली.

"अहो, डुकराला दार ठेवलं का?"

"डुकराला कशाला? वाघदेवाची वाट हाय ती." तिनं वरच्या बाजूचा शेंदरी दगड दाखवला. "वाघबारशीला आम्ही त्याला नैवेद्य देतो, तो गुरं राखतो. त्याच्या वाटंवर झटका लावू व्हय?"

डुक्कर त्या वाटेनं सरळ आत आलं होतं. बाहेर पडताना मात्र वाट सापडेना. जिकडं जाईल तिकडं झटका! दिवस उजाडेपर्यंत ते खाचरभर धावत होतं. मशीन इतकं चोख चाललं की खाचर गेलं.

तेवढ्यात वनरक्षक नुकसानीच्या पंचनाम्याला आला. पंच म्हणून माझीही सही लागणार होती. भरपाई बरी मिळाली तर वर्षभराचा तांदूळ विकत घेता येणार, नात शाळेत राहणार. मी सोनाबाईच्या कानाशी म्हटलं, "पूर्ण खाचर गेलंय. पूर्ण लिहू द्या. फटीचं बोलू नका."

वनरक्षक टेप धरून उभा. "पूर्ण खाचर ना, मावशी?"

"नाय." तिनं टेपचं टोक त्याच्या हातातून घेतलं. फटीपासून पलीकडच्या बांधापर्यंत चालत गेली आणि पायानं दोन रेघा ओढल्या. "ह्या मधलं वाटंचं. वाट मी ठेवली, मग ह्यातलं भात डुकराच्या नावावर कसं घालू?"

"मावशी, हे वगळलं तर भरपाई कमी बसेल. मग परत द्राक्षांवर जाल," वनरक्षक म्हणाला.

तिनं आडव्या पडलेल्या भाताची एक लोंबी हातात घेतली. मग म्हणाली, "कमी पडलं तं मी एकटी जाईन. नात इथंच राहील, तिच्या आईजवळ."

वनरक्षकानं माझ्याकडं बघितलं. मी कुंपणाकडं.

"लिव साहेब," सोनाबाई म्हणाली. "डुकराचं डुकराला, वाटंचं वाटंला. बरोबर लिव."