फोन न ठेवणारे साहेब

शेडगे साहेबांना मी शेवटची भेटले ती त्यांच्या लोणावळ्याच्या घरी, ते जाण्याच्या दहा-बारा दिवस आधी. रविवार होता. खालच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न थांबत नव्हते. साहेब खिडकीशी खुर्ची ओढून ते ऐकत बसले होते. पोलीस उपअधीक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गाड्या अडल्या की अजून कपाळाला आठी पडायची. "वळणावर माणूस उभा केलेला नाही," ते म्हणाले. डायलिसिसनं फार थकले होते. एक वाक्य बोलले की थांबायचे. मग एकदम म्हणाले, "सुनंदा, खरं सांग. मी एवढ्या लोकांना फोनवर खोटं सांगितलं. चुकलं का गं माझं?"

मी घाईनं म्हणाले, "साहेब, तुम्ही लोकांसाठी किती केलंत..."

"ते निरोप समारंभात झालंय सगळं," ते म्हणाले. "शालसुद्धा मिळाली."

आम्ही दोघंही हसलो. उत्तर मात्र मी दिलं नाही. नंतर साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या आणि विषय राहून गेला. गेला महिनाभर तो माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझं माहेर लोणावळ्याजवळचं भाजे गाव. वडील, म्हणजे आबा, मजुरी करायचे आणि पट्टीचे पोहणारे होते. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी फिरायला आलेल्यांपैकी कुणी पाण्यात गेलं की पोलीस आबांना शोधत यायचे. देह बाहेर काढायला मदत करायची आणि पंचनाम्यावर पंच म्हणून अंगठाही उठवायचा. पंच व्हायला गावात दुसरं कुणी तयार नसे, कारण पुढं कोर्टात खेपा घालाव्या लागतील ही धास्ती. साहेब तेव्हा नवे फौजदार होते आणि मी अकरावीत. एकदा अशाच वेळी आबा अंगठा पुढं करत होते, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी वाचून दाखवा." हवालदार म्हणाले, "आल्या वकिलीणबाई!" साहेबांनी मात्र कागद माझ्याच हातात दिला. "बरोबर आहे तिचं. तूच वाच, मोठ्यानं." ओल्या दगडावर बसून मी तो पंचनामा वाचला. त्यात ओढा पूर्वेला लिहिला होता, प्रत्यक्षात तो पश्चिमेला होता. साहेबांनी तिथंच खोडून दुरुस्ती केली, शेजारी सही केली आणि आबांना म्हणाले, "हिला शिकवा. अर्ध्यात सोडवू नका."

आबांनी तो हुकूमच मानला. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली, तेव्हा साहेबांची जीप थेट दारात आली. शेजारच्या पारूमावशी अंगणातून ओरडल्या, "आरं आबा, काय केलंस रं? पळ की मागल्या दारानं!"

"कुटं पळू?" आबा म्हणाले. "साहेबांच्या हातात पेढं हायती."

त्या दिवशी आबा खुर्चीवर बसले नाहीत, साहेब बसा म्हणत असतानाही. दाराला टेकून नुसते बघत राहिले. आज मी वराळ्याच्या शाळेत मराठी शिकवते.

साहेबांच्या बदल्या होत राहिल्या. गडचिरोली, परभणी, कोल्हापूर... आणि शेवटी वरच्या हुद्द्यावर ते पुन्हा मावळात आले. पदकं, बंदोबस्त, पकडलेल्या टोळ्या यांच्याविषयी ते कधी बोलत नसत. बोलत ते एकाच कामाविषयी. अपघाती मृत्यू झाला की घरच्यांना कळवायचं. पोलिसांत याची एक जुनी रीत आहे. फोनवर कुणी "गेला" म्हणत नाही. "पडलाय, दवाखान्यात आहे, जरा गंभीर आहे, तुम्ही या," एवढंच सांगायचं. माणूस वाटेत कोसळू नये, सुखरूप पोचावा, हा त्यातला हेतू. साहेबांनीही सुरुवातीची बरीच वर्षं असंच केलं.

मग सोलापूरकडून एक बाई आल्या. त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा सकाळीच धरणाच्या पाण्यात बुडाला होता. साहेबांनी रीतीप्रमाणे फोन केला. बाई सात तास प्रवास करून दवाखान्याच्या दारात उतरल्या, तेव्हा त्यांच्या हातात एक्स-रेचं जुनं पाकीट होतं. मुलगा सातवीत असताना त्याचा हात मोडला होता, त्याचे फोटो. डॉक्टर विचारतील म्हणून कपाटातून शोधून आणलेले. साहेबांनी खरं सांगितल्यावर त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सात तास मी त्याच्या उशाशी बसले होते साहेब, मनातल्या मनात. तुम्हीच बसवलंत."

त्यानंतर साहेबांनी खोटं सांगणं बंद केलं. पुढच्या वेळी एका बापाला त्यांनी फोनवर सरळ सांगितलं. तो माणूस टेंपो चालवत होता. त्यानं गाडी रस्त्याकडेला घेतली आणि दोन तास तिथंच स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिला. घरच्यांना तो कुठं आहे तेही कळेना. दोन दिवसांनी तो साहेबांना म्हणाला, "तुमी फोन ठिवला. मग मी बोलायचं कुनाशी?"

हे सांगताना साहेबांचा आवाज दर वेळी खाली जायचा. पुढं त्यांनी स्वतःची एक पद्धत ठरवली. आधी विचारायचं, कुठं आहात, जवळ कोण आहे. कुणी नसेल तर बोलवायला लावायचं. माणूस आला की मग खरं सांगायचं, आणि समोरचा ठेवेपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही. पलीकडून कधी नुसतं रडणं, कधी शिव्या, कधी काहीच नाही. ठाण्यातले शिपाई चेष्टा करायचे, "साहेब फोनवर आहेत, दोन चहा होतील आरामात." एकदा मंत्र्यांच्या ताफ्याच्या वेळी ते अशाच फोनवर होते आणि वेळेवर चौकात पोचले नाहीत. कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात त्यांनी एकच ओळ लिहिली, की पलीकडची व्यक्ती अद्याप बोलत होती. एवढं करूनही ज्यांना आधी खोटं सांगितलं होतं ती माणसं त्यांच्या मनातून जात नव्हती. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तशी ती जास्तच आठवू लागली, असं काकू म्हणायच्या.

साहेब गेले त्या दिवशी सकाळी काकूंच्या निरोपावरून मी पोचले. दहा वाजले असतील. साहेबांचा मुलगा दवाखान्याच्या कागदांत अडकला होता. काकू माझा हात धरून म्हणाल्या, "अक्कांना तूच कळव. पण गेले म्हणू नकोस. ऐंशी वर्षांची बाई, एकटी असते. बरं नाही, बघायला या, एवढंच सांग."

अक्का म्हणजे साहेबांच्या थोरल्या बहीण, माण तालुक्यात गावी राहणाऱ्या. त्यांनीच साहेबांना लहानाचं मोठं केलं. मी फोन हातात घेऊन गॅलरीत गेले. काकूंचं ऐकावं असं फार वाटत होतं. खोटं किती सोपं असतं, आणि त्यात किती माया असते, हे मला तिथं उभं राहून कळलं. साहेबांनी पहिली अनेक वर्षं काय केलं आणि का केलं, तेही कळलं. पण ते एक्स-रेचं पाकीट डोळ्यांसमोरून हलेना.

"अक्का, सुनंदा बोलतेय, लोणावळ्याहून. घरात कोण आहे तुमच्याजवळ?"

"कोन असनार? मी आन् म्हस."

"शेजारच्या कुणाला तरी हाक मारता का? जरा जवळ बसायला..."

अक्का म्हणाल्या, "मानूस बोलवायला लावतीस. म्हंजी झालं न्हवं? मी काय खुळी हाय व्हय?"

"अक्का, ते..." मी सुरुवात केली.

"बोलू नगंस. हितंच थांब," त्या म्हणाल्या. त्यांनी कुणाला तरी दोनदा हाक मारलेली ऐकू आली. बांगड्या वाजल्या, पाट सरकवल्याचा आवाज झाला. कुणीतरी विचारलं, "काय झालं वं अक्का?" "बस हितं," म्हणत अक्कांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"आली सुमन. बसलीया जवळ. आता सांग."

मी सांगितलं. आणि फोन ठेवला नाही.