अंडर-फोर्टीनचा भंडारा

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगत होतो, तेव्हा माझ्या साडूला ठसका लागला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाचं जे व्हायचं ते झालं. त्याची बायको अजून मला ऐकवते.

मी काटेकोर माणूस. खेळपट्टी टेपने मोजतो, मग पोरांना पावलांनी मोजायला लावतो आणि मग परत टेपने मोजतो. रोज झोपण्याआधी दिवसाची नोंद लिहितो: दव किती होतं, कुठल्या बॉलची शिवण उसवली, कोण नेटवर उशिरा आलं आणि काय थाप मारली. आता अशा माणसाच्या हातून चूक होते ना, तेव्हा तीसुद्धा अगदी नियोजनबद्ध होते!

जबलपूरजवळ, महाराजपूरच्या पुढे, कॉलन्या संपून मटाराची शेतं लागतात, तिथल्या गावात आमचा क्रिकेट क्लब आहे. मी त्याचा सेक्रेटरी. मोठ्यांच्या टीमबद्दल बोलायला नको, तिथे आता धावांपेक्षा पोटं जास्त वाढतात. पण पोरं! अंडर-ट्वेल्व्ह, अंडर-फोर्टीन, अंडर-सिक्स्टीन, मुलं-मुली सगळी एकत्र. संध्याकाळी एका नेटमध्ये बॉलिंग चालू, दुसऱ्यात भांडण, आणि मधल्या जागेत दोन्ही. माझी मुलगी मनू अंडर-फोर्टीनची विकेटकीपर. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

दुखणं एकच होतं. लीगचे सामने सगळे शहरात. थंडीच्या दिवसांत पहाटे पोरींना तिकडे पाठवायला गावातले आईबाप तयार होत नाहीत. त्यामुळे टीममधल्या निम्म्या पोरी वर्षभर सराव करायच्या आणि सामन्याच्या दिवशी घरी मटार सोलायच्या. मनूला मी स्कूटरवर नेत असे, पण ती रस्ताभर गप्प. तिच्या मैत्रिणी मागे राहिलेल्या ना.

अशात शहरातल्या एका मोठ्या क्लबाच्या कोचसाहेबांचा फोन आला. लीगसाठी त्यांना आणखी एक मैदान हवं होतं. म्हणाले, "रविवार को टीम लेकर आता हूँ. एक दोस्ताना मैच खेल लेंगे, ग्राउंड भी देख लूँगा. पर ढोबले जी, गाँव के क्लब में मैनेजमेंट नहीं होता. मैं तो मैनेजमेंट देखूँगा."

मैनेजमेंट! मला! अहो, मी आंघोळीचं पाणीसुद्धा मोजून घेतो!

मी कामाला लागलो. चुना आला, दोरी आली, पाण्याचे माठ आले. सामन्यानंतर दोन्ही टीमला जेवण द्यायचं ठरलं. पुरी, आलूची रस्सा भाजी आणि शेवटी खोव्याची जिलेबी. जबलपूरला आलेल्या माणसाला ती खाऊ घातली की अर्धं काम झालंच म्हणून समजा. माझी बायको ज्योती आणि शेजारच्या शुक्ला दीदी, दोघींनी मिळून रांधायचं. जागा कुठली? मैदानाला लागून बजरंगबलीचं मंदिर आहे, त्याच्या आवारात सावली आहे, नळ आहे. पंडितजी लगेच हो म्हणाले.

आता सगळ्या पोरांना सांगायचं कसं? आमच्या क्लबाची एक रीत आहे. नेटची वेळ बदलली, सामना रद्द झाला, कुणाचे पॅड मैदानावर राहिले, सगळं मंदिराच्या भोंग्यावरून सांगायचं. पंडितजींची अट एवढीच की आधी बजरंगबलीचा जयकारा, मग तुमचं क्रिकेट.

शनिवारी संध्याकाळी मी माइक हातात घेतला. जयकारा केला. मग खणखणीत आवाजात म्हणालो, "कल अंडर-फोर्टीन का मैच है. मैच के बाद मंदिर में भोजन है. सब बच्चे समय पर पहुँचें."

सांगा, काय चुकलं? मला तर काहीच चुकलेलं दिसलं नाही. मी घरी येऊन शांत झोपलो.

सकाळी मैदानावर पोहोचलो तर मंदिरापाशी सात-आठ बायका उभ्या. कुणाच्या हातात विळी, कुणाच्या हातात परात. त्यातल्या एक अम्मा मला म्हणाल्या, "काय भैया, आलू कहाँ धरे हैं? छीलने बैठ जाएँ."

मला वाटलं, बघा, गावाचं क्रिकेटवर किती प्रेम! मी हात जोडून म्हणालो, "अम्मा, तकलीफ मत कीजिए, थोड़े से ही आलू हैं."

अम्मांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाच्या दानपेटीत हात घातला. "थोड़े से? पूरे गाँव के लिए थोड़े से?"

तेवढ्यात ज्योती आली. तिनं बायका पाहिल्या, पराती पाहिल्या, मग मला बाजूला ओढलं.

"अहो, काल भोंग्यावरून काय बोलले तुम्ही?"

"सामन्यानंतर जेवण आहे म्हणालो."

"जयकारा केला होता?"

"केला ना. पंडितजींची अटच आहे."

"म्हणजे जयकारा, मंदिर आणि जेवण! अहो, भंडारा झाला हा! एवढी वर्षं जबलपुरात काढली, गल्लोगल्ली भंडारे खाल्ले, आणि एवढं समजत नाही काहून तुम्हाला?"

खरंच की! आमच्याकडे भंडाऱ्याची पत्रिका नसते. मंदिरातून जेवणाची हाक आली की जो ऐकेल त्याचं निमंत्रण पक्कं. आणि थंडीच्या हवेत भोंग्याचा आवाज कुठवर जातो ठाऊक आहे? पलीकडच्या गावातली कुत्रीसुद्धा भुंकली होती काल!

"घाबरू नको," मी म्हणालो. "आत्ता दुरुस्ती करतो."

इथेच शहाणा माणूस थांबला असता. मी परत माइक घेतला.

जयकारा केला. म्हणालो, "कृपया ध्यान दें. भोजन केवल मैच वालों के लिए है. फिर से सुनिए, केवल मैच वालों के लिए."

पंडितजी गाभाऱ्याच्या दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला अर्ध्या तासात कळला.

गावानं सरळ हिशेब केला. जेवण मैचवाल्यांना आहे ना? मग चला, आपण मैचवाले होऊ! दऱ्या आल्या, खाटा आल्या. एक ट्रॅक्टर ट्रॉली भरून बाया-माणसं घेऊन आला. बाउंड्रीच्या चारी बाजूंनी माणसं बसली. रिकामे हात कशाला ठेवायचे, म्हणून बायकांनी मटाराच्या शेंगा सोलायला घेतल्या. एक आजोबा तर पॅड बांधून आलेल्या पोराला विचारत होते, "काय बेटा, ये मैच कै बजे तक निपटेगा? भूख लग रही है."

मी तिसऱ्यांदा माइककडे धावलो. आता पंडितजींनी माइकवर हात ठेवला.

"ढोबले जी, अब क्या बोलोगे?"

"सच बोल दूँगा. भंडारा नहीं है."

"बुलाए हुए आदमी को लौटाओगे? बजरंगबली के दरवाज़े से?"

"पर पंडितजी, मेरे पास दो टीमों का खाना है!"

"तुम्हारे पास है. गाँव के पास तो और है ना?" असं म्हणून त्यांनी माइक स्वतः घेतला आणि दोन वाक्यं बोलले: "आटा कम है. कढ़ाई भी छोटी है."

बस! कुणाच्या घरून पीठ आलं, कुणाकडून तेलाचा डबा. मंडपवाल्यानं लग्नातली कढई पाठवली, जिच्यात आमचा ओपनिंग बॅट्समन सहज मावला असता. सोललेले मटार बाउंड्रीवरून थेट भाजीत. बघता बघता माझी आलूची भाजी आलू-मटार झाली.

सगळं होतं, पण पुऱ्या लाटायला हात कमी पडत होते. अम्मांनी मला हेरलं. "ए भैया, खड़े क्या हो? बैठो इधर!" मी काही बोलायच्या आत माझ्या हातात लाटणं आलं.

आता मी पडलो काटेकोर. पुरी वाकडीतिकडी झालेली मला चालत नाही. मी मोठी पोळी लाटून स्टीलच्या वाटीनं एकसारख्या गोल पुऱ्या कापायला लागलो.

"काय बड्डे," कढईवरचा माणूस म्हणाला. जबलपुरात ओळखीच्या आणि अनोळखी सगळ्यांनाच बड्डे म्हणतात. "पूड़ी बना रहे हो कि सिक्का ढाल रहे हो?"

"सारखी असली की सारखी फुगते," मी मराठीतच पुटपुटलो.

आणि खरंच सांगतो, फुगत होत्या! एकूण एक पुरी टम्म! काही वेळानं मलाच कढईवर बसवलं.

तेवढ्यात मनू धावत आली. हातात कीपिंग ग्लव्हज, गाल लाल. "पापा! कोच सर आ गए! पूछ रहे हैं सेक्रेटरी साहब कहाँ हैं!"

माझ्या अंगावर पीठ, कपाळावर तेल, डोक्याला अम्मांनी गुंडाळलेला गमछा. या अवतारात मी मैनेजमेंट दाखवायला जाऊ?

"त्यांना सांग, सेक्रेटरी व्यवस्थेत आहेत. येतच आहेत."

"पर पापा, आप तो..."

"जा गं! टॉस होऊन राहिला तिकडे!"

तो सामना मी कानांनी पाहिला. आरडाओरडा झाला की समजायचं चौकार गेला. जास्त झाला की समजायचं कुणीतरी आउट. एकदा सगळं गाव "मनू! मनू!" करून ओरडलं आणि माझा झारा हातातच राहिला, दोन पुऱ्या काळ्या झाल्या. स्टंपिंग होतं म्हणे. माझ्या लेकीचं स्टंपिंग सगळ्या तालुक्यानं पाहिलं, मी सोडून!

सामना संपला. चुन्याच्या रेषेवरच पंगत बसली, दोन्ही टीमची पोरं मध्ये आणि गाव भोवती. शहरातली पोरं आधी लाजली, मग अशी सुटली की जिलेबी वाढणाऱ्याला दम लागला.

आणि मग कोचसाहेब स्वतः कढईपाशी आले. उंच, ट्रॅकसूट घातलेले, हातात पत्रावळ. आता म्हणणार, ही काय जत्रा भरवली? गेली लीग, गेल्या पोरींच्या मॅचेस!

"भैया," ते म्हणाले, "दो और देना. फूली हुई."

मी दिल्या.

"कहाँ के हलवाई हो? ओमती बाज़ार के?"

मी उभा राहिलो. गमछा काढला. "सर, मैं ढोबले. मैं ही सेक्रेटरी हूँ."

ते इतके हसले, इतके हसले की पत्रावळीतला रस्सा सांडला. "वाह बड्डे! पूड़ी भी बढ़िया, मज़ाक भी बढ़िया!" आणि माझ्या पाठीवर थाप मारून, माइक ज्यांच्या हातात होता त्या पंडितजींनाच सेक्रेटरी समजून सरळ त्यांच्याकडे गेले. दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

"सेक्रेटरी साहब, मान गया! बच्चों के मैच में इतनी पब्लिक मैंने शहर में नहीं देखी. और क्या मैनेजमेंट है! लीग के मैच यहीं होंगे, ग्राउंड पक्का."

पंडितजी खोटं बोलले नाहीत, खरंही बोलले नाहीत. डोळे मिटून म्हणाले, "सब बजरंगबली की कृपा."

पोरींनी जो कल्ला केला म्हणता! मनूनं तर ग्लव्हज आकाशात फेकले. एक खाली आला, दुसरा आलू-मटारच्या भांड्यात पडला. मी तो झाऱ्यानं बाहेर काढला आणि कुणाला काही बोललो नाही. तुम्हीही बोलू नका.

आता लीग आमच्याच मैदानावर होते, आणि सामन्यानंतर भंडाराही. पोरी पायी चालत सामन्याला येतात, त्यांचे आईबाप बाउंड्रीवर मटार सोलत बसतात आणि अंपायरला शिव्या घालतात. मन भरून येतं पाहून.

कोचसाहेबांना खरं काय ते पुढच्या खेपेला कळलं. मी स्वच्छ शर्ट घालून, इस्त्री करून, फाटकापाशी त्यांच्या स्वागताला उभा होतो. मनूनं ओळख करून दिली. बिचारे ओशाळले. माझे हात हातात घेऊन त्यांनी मनापासून माफी मागितली. मग मंदिराकडे पाहिलं, धूर निघत होता त्या कढईकडे पाहिलं, तिथे बसलेल्या नवीन माणसाच्या चपट्या पुऱ्या पाहिल्या आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले,

"ढोबले जी, बुरा मत मानना... सेक्रेटरी तो कोई भी बन जाएगा. आप उधर बैठ जाते तो?"