ताडपत्रीखालची होडी

कॅनडातल्या व्हॅन्कूवर बेटाच्या एका कोपऱ्यातल्या आदिवासी गावात फिलोमेनामावशीला कुणी उलट बोलत नसे. देवदाराचं अख्खं खोड कोरून होडी झाली, पन्नास वर्षांच्या खंडानंतर गावची पोरं पुन्हा वल्ही मारत नातलगांच्या गावांना जाणार असं ठरलं, तेव्हा जुन्या रीती ठाऊक असलेली ती एकटीच उरली होती. गावचं माणूस गेलं की होडी वर्षभर झाकून ठेवायची, हे तिनंच सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता मेलं मरण काय थांबून येतं? कुणी दारूनं गेलं, कुणी नशेच्या गोळ्यांनी. वर्ष सरायच्या आत दुसरं मयत, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चार वर्षांत होडी एकदाच पाण्यात गेली. लाकूड वाळू नये म्हणून म्हातारी रोज त्यावर ओली गोणपाटं टाकायची, तरी बुडाला चीर पडलीच.

तिसऱ्या मयतानंतर डोरीन तिच्या दारात येऊन रडली होती. होडीत बसायचं असलं की तिचा मुलगा लाइल बाटलीला शिवत नसे. यंदा तेवढी होडी जाऊ द्या, म्हणाली. मावशी म्हणाली, "नियम म्हणजे नियम." त्याच हिवाळ्यात लाइल दारूनं गेला.

त्याचं वर्ष आज पुरं झालं होतं. आणि आजच पहाटे शहरातल्या इस्पितळातून मावशीला फोन आला, तिचा भाऊ सिरिल गेला. म्हणजे आणखी एक वर्ष. लाकूड तेवढं तग धरणार नव्हतं. कुणाला सांगायचंच नाही, असं ठरवून ती किनाऱ्यावर आली.

डोरीन ताडपत्रीचे दोर सोडत होती. शेजारी लाइलचं वल्हं, नवं तेल लावलेलं. लाइल गेल्यापासून ती मावशीशी बोलली नव्हती. आज म्हणाली, "ते टोक धरा जरा."

मावशीनं टोक धरलं आणि तिला राहवलंच नाही. "सिरिल गेला गं आज. पण तू सोड दोर. कुणाला सांगू नकोस."

डोरीन थांबली. मग तिनं वल्हं होडीत आडवं ठेवलं, ताडपत्री ओढली आणि दोर पुन्हा ओवायला घेतला.

"माझ्या लाइलसाठी नाही ना सोडलीत. मग आता कुणासाठीच नको."

मावशीनं परोपरीनं विनवलं, चुकलं माझं म्हणाली. डोरीननं सगळं ऐकून घेतलं, शेवटची गाठ आवळली आणि घरी गेली.

आतली गोणपाटं वाळली असतील. मावशी बादली घेऊन पाण्याकडे निघाली.