खड्डेमास्तर

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवतात. शिवणकाम करणारा माणूस म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, आणि आम्ही सायकलवाले खड्डेमास्तर. हे नाव मी ठेवलेलं आहे आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे.

ओळीनं सायकली चालवताना मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. म्हणून सगळ्यात पुढचा ओरडून सांगत जातो, "खड्डा", "खडी", "कुत्रं", आणि मागचे मुकाट्यानं त्याच्यावर विश्वास ठेवतात. आमच्यात पुढे कायम दाजी. शिवणयंत्राच्या खडखडाटात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांचा आवाज खणखणीत झालेला. वर्षातून एकदा आम्ही समुद्राकाठच्या गावापर्यंत फेरी मारायचो. ओढ्यावरची मोरी ओलांडली की रस्ता फुटतो. जाताना शेतांमधून आणि टेकड्यांवरून बंदरावर उतरायचं, आणि येताना किनाऱ्याकिनाऱ्यानं येऊन त्याच मोरीपाशी पुन्हा आपल्या रस्त्याला लागायचं. पूर्वी बरेच जण होतो. एकाचे गुडघे गेले, एकाला सुनेनं बंदी घातली, एकानं तर सरळ मोटारसायकल घेतली आणि तो आमच्यातून उठला. उरलो दाजी आणि मी.

खरं सांगायचं तर यंदा मी टाळायच्याच बेतात होतो. मी औषधांच्या दुकानात काम करतो, दिवसभर काउंटरमागे उभा असतो, तरी पोट सुटलं ते सुटलंच. पण ताईचा फोन आला.

"तू जायचंस. आणि पुढे राहायचं."

"दाजी मला पुढे जाऊ देतील?"

"ते मला नको सांगूस. तू पुढे राहा."

ताईला सायकलीतलं काय कळतंय, म्हणून मी सोडून दिलं. वर आदल्या दिवशी ती माझ्यासाठी एक शर्ट घेऊन आली. भडक नारंगी, आणि पाठीवर पिवळाधमक पट्टा. घातल्यावर मी रस्त्यात खोदकाम चालू असल्याची पाटी दिसत होतो.

"गाड्यांना दिसशील," ताई म्हणाली.

"चंद्रावरूनही दिसेन."

सकाळी त्यांच्याकडे पोचलो तेव्हा दाजी दुकानात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, बुटांच्या नाड्या बांधत होते. खोलीत नेहमीसारखा पसारा. कापडाचे तागे भिंतीला टेकवलेले, जमिनीवर कात्रणं, टेबलावर खडू आणि मोठी कात्री. फक्त सुयांची उशी पाहून मला नवल वाटलं. सगळ्या सुया ओळीनं टोचलेल्या आणि प्रत्येकीत दोरा ओवलेला.

"ही शिस्त कधीपासून?" मी विचारलं.

"संध्याकाळी बसल्या बसल्या ओवून ठेवते मी," ताई म्हणाली. "हात रिकामे राहिले की मला सुचत नाही." आणि लगेच दाजींकडे वळून, "चहा उजव्या हाताला ठेवलाय हं. हेल्मेट खुर्चीवर आहे. दाराशी पायरी आहे."

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ती पायरी तिथंच आहे. "ताई, तू स्टेशनवर घोषणा करायला जा, चांगली नोकरी मिळेल," मी म्हणालो. वय झालं की बायका बडबड्या होतात, असं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. दाजी हसले नाहीत. सायकल उचलून हळूच पायरी उतरले आणि नेहमीप्रमाणे पुढे निघाले.

हवा छान होती. दाजींचे पाय अजून तसेच, एका लयीत चालणारे. मोरी जवळ आली तसे ते ओरडले, "खड्डा! डावीकडून घे!" आणि झोकात डावीकडे वळले. मीही वळलो. वळता वळता खाली पाहिलं तर मोरीवर नवंकोरं डांबर. तो आमचा जुना नामांकित खड्डा, ज्यात माझं पुढचं चाक एकदा वाकलं होतं, पार बुजवलेला.

"दाजी, बुजवला की तो!"

"हो का? सवयीनं ओरडलो," ते म्हणाले.

मी हसलो. पुढे चढावर ते "खडी" म्हणाले तिथं खडी नव्हती. त्याचंही मी हसूच केलं. मग वळण संपून सरळ रस्ता लागला, आणि अर्धा रस्ता अडवून गवतानं भरलेली एक ट्रॉली उभी होती. डोंगराएवढी. मी वाट पाहतोय की दाजी आता ओरडतील, मग ओरडतील. दाजी गप्प, आणि सायकल सरळ तिच्याच दिशेनं. शेवटी मीच ओरडलो. त्यांनी ब्रेक दाबले, पण उशीर झाला होता. हँडल गवतात रुतलं आणि दाजी आडवे झाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते उठून बसले, तेव्हा त्या पाण्याच्या जागी राग आला.

"झोपला होतात काय? एवढी मोठी ट्रॉली दिसली नाही?"

"नाही," ते म्हणाले.

बाहीवरच्या काड्या ते हातानं चाचपून काढत होते. बघून नाही, चाचपून. मग मला मोरी आठवली, चढावरची नसलेली खडी आठवली. हा माणूस सकाळपासून रस्ता पाहून सांगतच नव्हता. पाठ म्हणून दाखवत होता.

"मधलं दिसत नाही रे," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड नाही. तसं फार नुकसान नाही म्हणा. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आहे ते राहील कदाचित."

डोळ्यात थेंब कुठल्या वेळी घालायचे ते मी रोज लोकांना सांगतो. घरच्या माणसाचे डोळे जाताहेत आणि मला पत्ता नाही. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी भांडतो, म्हणून म्हटलं, "ताईला सांगितलंत?"

"वेडा आहेस का? तिला कळलं तर आज सायकल विकेल आणि उद्या दुकान बंद करेल. मला खुर्चीत बसवून ठेवेल. मी तिथं बसून काय करू, सांग ना? सरळ शिलाई अजून बोटांनी जमते मला." त्यांनी सायकल उभी केली, चाक फिरवून कान लावला. "तू बोलू नकोस तिच्याकडे. एवढी फेरी पुरी होऊ दे. मग बघू."

मला परत फिरायचं होतं. तसं बोललोही. ते म्हणाले, "मग तू फिर," आणि टांग टाकायला लागले. या माणसापुढे कुणाचं काही चालत नाही.

"थांबा," मी म्हणालो. "मी पुढे होतो. तुम्ही मागे राहा."

दाजी आयुष्यात कुणाच्या मागे चालले नव्हते. त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

"चल. तो तुझा भयंकर शर्ट तेवढा दिसतोय."

पुढे राहणं सोपं काम नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आधी मी उशिरा ओरडायचो, मग भीतीनं सगळ्यालाच ओरडायला लागलो.

"पान!"

"अरे, पानाला कशाला ओरडतोस?"

"मोठं होतं."

"खड्डा, खडी, गाडी, जनावर. बाकी तुझ्याजवळ ठेव."

टेकडीच्या चढावर माझ्या नाकी नऊ आले, पण मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता म्हणून थांबलो नाही. उतारावर मी ब्रेक सोडलेच नाहीत. एरवी दाजी तिथं शीळ घालत सुटायचे. आज तेही माझ्यामागे गुमान, बैलगाडीच्या वेगानं उतरले. त्याचं मला त्यांच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं असेल.

बंदरावर धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही अंडी आणि पाव खाल्ला. बर्फाच्या कारखान्यातून पेट्या निघत होत्या, होड्यांवर जाळी वाळत होती. दाजी मान वळवून डोळ्याच्या कडेनं पाणी पाहत बसले.

"समुद्राचं बरं असतं," ते म्हणाले. "मधला थोडा गेला तरी पुष्कळ उरतो."

मी टरफलं गोळा करत राहिलो.

परतीला किनाऱ्याचा वारा समोरून होता. दिवसभरात माझा आवाज बसला, पण ओरडणं मात्र जमायला लागलं. वाळू, वळण, म्हैस, सगळं वेळेवर. मोरी आली आणि इतक्या वर्षांची सवय तोंडातून निसटलीच.

"खड्डा!"

मागून शांतपणे आवाज आला, "बुजवलाय तो. सकाळी एका शहाण्यानं सांगितलं मला."

दाजी दिवसभरात पहिल्यांदा मोठ्यानं हसले. मीही हसलो, आणि मग घर येईपर्यंत ताईला काय थाप मारायची याची जुळवाजुळव करत राहिलो. खोटं बोलण्यात ताईपुढे माझा कधीच निभाव लागलेला नाही.

उन्हं उतरली होती. ताई दारातच उभी होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाजींकडे. दाजी सायकलवरून उतरले तशी पुढे होऊन तिनं त्यांच्या कॉलरमागे अडकलेली गवताची काडी काढली. मी थाप सुरू करायला तोंड उघडलं, पण तिनं विचारलंच नाही. बाजूला सरली आणि म्हणाली, "पायरी."

अगदी रस्त्यावर ओरडतात तशी. एकच शब्द, वेळेवर.

मला एकेक करून आठवायला लागलं. उजव्या हाताचा चहा. ओवलेल्या सुया. आणि माझ्या अंगावरचा हा शर्ट, पाठीवर पट्ट्याचा, मागच्या माणसाला दिसेल असा. मी तिला बडबडी म्हणत होतो, आणि ती किती महिने त्या घरात पुढे राहून वाट सांगत होती, कुणास ठाऊक.

दाजींचा उचललेला पाय तसाच राहिला.

"तुला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"सायकल आधी आत घ्या," ताई म्हणाली. मग तिनं मान माझ्याकडे वळवली. "आणि तू तो शर्ट काढून दे. धुऊन ठेवते. पुढच्या वर्षी लागेल."